आधी हाक

मडावी सिस्टरची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यातून झाली. माझ्या नवऱ्याचं, अजितचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस होता आणि मी नॉटिंगहॅमच्या त्या वॉर्डाच्या दारात उभी राहून पुण्याला नणंदेशी फोनवर भांडत होते. तिचं म्हणणं, मी त्याला बाहेरचं खायला घालते म्हणून हे झालं. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, या भरवशावर माझा आवाज चांगलाच चढला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"हळू बोला ना बाप्पा. चार नंबरचे आजोबा आत्ताच झोपले."

मी दचकून वळले. निळा युनिफॉर्म, बुटकीशी मूर्ती, काळासावळा रंग, घट्ट अंबाडा, आणि कपाळावर नि हनुवटीवर गोंदण. वय पंचावन्नच्या पुढेमागे. मी फोन बंद केला. नणंदेला आजही वाटतं की मी रागानं आपटला.

दोन-तीन दिवसांत त्यांची एक सवय लक्षात आली. पेशंटला काहीही करायचं असो, त्या आधी कुणालातरी हाक मारायच्या. "ग्रेस!" नाहीतर "टॉम!" मोठ्यानं, गावात नदीपलीकडच्या माणसाला मारावी तशी. माणूस येऊन शेजारी उभं राहीपर्यंत हात पुढे करायच्या नाहीत. वॉर्डातल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या, पण हाक आली की हातातलं टाकून यायच्याही. अजितच्या हातातली सुई काढायची तेव्हाही तेच. अजित म्हणाला, "सिस्टर, एवढीशी सुई काढायला दोघी?"

"काढायला एकच लागते," सिस्टर म्हणाल्या. "चुकायलाबी एकच लागते. म्हणून दोघी."

त्या गडचिरोलीच्या. माडिया गोंड. घरची भाषा माडिया, मराठी आश्रमशाळेतली आणि इंग्रजी नॉटिंगहॅमची. आश्रमशाळेतून नागपूर, नागपूरहून आखात, आखातातून इथे, एवढा प्रवास मला ठाऊक आहे. मधलं काही माहीत नाही. नवरा होता का, मुलंबाळं होती का, हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं की त्या "चहा घेता का?" म्हणायच्या. हाकेचं मात्र त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. त्यांच्याकडे रानात कुणी पडलं, कुणाला साप चावला, तर धावायचं नाही. आधी जागेवर उभं राहून हाक द्यायची, ऐकणाऱ्यानं पुढच्याला द्यायची, आणि मग हात लावायचा. "आधी हाक, मग हात," असं त्या म्हणायच्या. "एकटा धावला तं दोघं पडतात."

अजित घरी आला आणि ओळख वाढली. मी त्यांना आमच्या मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले. खोटं कशाला सांगू, त्यात थोडा मिरवण्याचाही भाग होता. आमच्यातल्या एक बाई, कोथरूडच्या, सिस्टरच्या गोंदणाकडे बघत म्हणाल्या, "गडचिरोली? अय्या, म्हणजे अगदी जंगल ना? पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

सिस्टरनी हातातला मोदक खाली ठेवला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तितक्याच कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हीबी छान बोलता."

मला हसू आवरेना. मी प्रसादाचे द्रोण आणायच्या निमित्तानं पळाले. गाडीत बसल्यावर म्हटलं, काय जिरवलीत सिस्टर! तर त्या म्हणाल्या, "जिरवली कायची? खरंच छान बोलत होती ती." आजतागायत मला कळलेलं नाही की त्या थट्टा करत होत्या की नाही.

आंब्याची गोष्ट त्यानंतरच्या एप्रिलची. माझी चुलतबहीण हॅरोहून येताना हापूसची पेटी घेऊन आली. इथे हापूसची पेटी म्हणजे काय अप्रूप असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी फोडी करून सिस्टरसमोर ठेवल्या. त्यांनी बशी हातात घेतली, वास घेतला, डोळे मिटले आणि बशी परत टेबलावर ठेवली.

"आमचं अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"मरका पंडुम. आंब्याचं. गावात झालं की खातो."

त्यांच्या गावात नवा आंबा कुणी एकट्यानं चाखत नाही. सगळ्या गावानं मिळून आधी देवाला द्यायचा, त्याला पंडुम म्हणतात, आणि त्या दिवशी सगळ्यांनी एकदम तोंडात घालायचा. तोवर झाडाखाली पडलेलाही कुणी उचलत नाही. मी म्हटलं, अहो सिस्टर, हा रत्नागिरीचा आंबा, हॅरोच्या दुकानातला! तुमच्या गावच्या देवाला याचा काय पत्ता?

"देवाले नसेल," त्या म्हणाल्या. "मले आहे न."

मग साधारण महिन्याभरानं, मी ऑफिसात असताना, त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "झालं आमचं. खा आता." आम्ही तर केव्हाच खाऊन कोयीही टाकल्या होत्या. पण पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोन आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी पेटी आणून कपाटावर ठेवून दिली आणि फोनची वाट पाहिली. अजितनं मला वेड्यात काढलं. आंबे थोडे उतरलेच होते, पण आम्ही तिघांनी एकदम खाल्ले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी ती लांबवते आहे, हे माझं मलाही कळतंय.

मी इथल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. मडावी सिस्टरच्या येरमेटोला गावानं आणि आसपासच्या आठ गावांनी मिळून आपली एक शाळा काढली होती. बारावी झालेल्या मुलींना दवाखान्यात काम करायला तयार करणारी. आधी त्यांच्या मुली शहरातल्या कोर्सला जायच्या आणि चार महिन्यांत परत यायच्या. तिथे त्यांच्या बोलण्याला हसायचे, नावं बदलायला लावायचे, आजारी म्हाताऱ्या माणसाशी माडियात बोललं तर ओरडायचे. म्हणून गावं म्हणाली, शिकवायचं आपणच. दोन वर्षं ग्रामसभा बसत होती. तिथे हात वर करून मत घेत नाहीत. एक जण जरी नको म्हणाला तर पुन्हा बसायचं. शेवटी सगळे हो म्हणाले आणि टेकडीच्या चढावर, जिथे फोनला रेंज येते तिथे, गावांनी स्वतःच्या हातानं लाकूड-बांबूची शाळा बांधली. कुणाला घ्यायचं ते गाव ठरवणार, काय शिकवायचं ते गाव ठरवणार. हाताचं काम शिकवायला तिकडच्या दोन निवृत्त नर्सबाई होत्या, जडीबुटीचं शिकवायला गावातल्या म्हाताऱ्या. आणि शनिवारी सकाळी आठ वाजता, आपल्या स्वयंपाकघरातून, स्क्रीनवर मडावी सिस्टर.

शिकवणं त्यांचं होतं, पण शिक्का हवा होता. शिक्क्याशिवाय दवाखान्यात कोण उभं करणार? तो आमच्या कॉलेजनं द्यावा, यासाठी मी जीव तोडून धावले. फॉर्म मी भरले, माझी बॉस हेलन, तिला मी पटवलं, परीक्षा मराठीत द्यायची परवानगी मी काढली. पेपरचं मराठी मी करायचं, उत्तरांचं इंग्रजीही मीच. मान्यता आली त्या दिवशी सिस्टरनी माझ्या दोन्ही हातांना हात लावून "जोहार" म्हटलं. आपल्या हातून काही चांगलं झालं, असं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं होतं.

पहिल्या तुकडीत अकराजणी होत्या. एका शनिवारी मी त्यांचा वर्ग बघायला सिस्टरकडे जाऊन बसले. सलाईनचे थेंब मिनिटाला किती, याचं गणित चाललं होतं. दहाजणींना येत होतं. रासो नावाच्या मुलीला येत नव्हतं. सिस्टर गेले तीन शनिवार तेच गणित घेत होत्या आणि दहाजणी निमूट पुन्हा पुन्हा सोडवत होत्या. माझा जीव वरखाली व्हायला लागला. वर्ग संपल्यावर मी म्हटलं, "अहो, तिला नंतर वेगळं शिकवा ना. सगळ्यांचा खोळंबा कशाला?"

"वेगळं काऊन? ती का वेगळी आहे?"

"परीक्षा आहे सिस्टर. सिलॅबस राहील."

"सगळ्या आल्यावर पुढे जाईल न सिलॅबस. तो कुठं पळून राहिला?"

चौथ्या शनिवारी रासोला गणित आलं. ते तिला चिन्नी नावाच्या मुलीनं तांदळाचे दाणे टाकून शिकवलं, असं सिस्टरनी मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका आनंदात होता की मी कामात असूनही ऐकत राहिले.

परीक्षा झाली. तिथे हॉलमध्ये देखरेखीला कोण, असा प्रश्न होता. सिस्टर म्हणाल्या, गायता बसेल. गायता म्हणजे गावचं देवाधर्माचं बघणारा म्हातारा. "तो खोटं बोलत नाही," एवढीच त्यांनी शिफारस केली आणि मी तशी नोंद केली. समोर कॅमेरा होता. रेकॉर्डिंग तपासायचं काम माझं, कारण आमच्या ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच.

शुक्रवारची दुपार होती. हेलन रजेवर. मी सँडविच खात रेकॉर्डिंग पुढे पुढे ढकलत होते. चाळिसाव्या मिनिटाला रासोनं पेन ठेवलं आणि डोकं बाकावर टेकलं. ती रडत होती. शेजारच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिनंही पेन ठेवलं. मग तिसरीनं. बघता बघता अकराही पेनं खाली. गायता उठला, रासोजवळ गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना काहीतरी म्हणाला. सगळ्या उठल्या. बाक सरकवले आणि जमिनीवर गोल करून बसल्या. सात मिनिटं त्या बोलत होत्या. मग रासोनं तोंड पुसलं, सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसल्या आणि लिहायला लागल्या.

मी पेपर काढले. प्रश्न होता: तुम्ही वॉर्डात एकट्या आहात आणि एका पेशंटची तब्येत अचानक बिघडली, तर सर्वांत आधी काय कराल? अकराही पेपरांत एकच वाक्य होतं. "मी एकटी राहणार नाही. आधी दुसरीला हाक मारीन, मग हात लावीन."

उत्तर बरोबर होतं. मार्कांच्या यादीतही तेच लिहिलं होतं, मदतीला बोलावणे. पण परीक्षेत बोलणं म्हणजे कॉपी, आणि कॉपीचे नियम मीच मराठीत करून त्या भिंतीवर चिकटवायला पाठवले होते. त्यात एक नियम असा होता: सेंटरनं आपली चूक आपण होऊन कळवली, तर पेपर रद्द होतो आणि महिन्याभरात परत घेता येतो. कॉलेजला आधी सापडली, तर सेंटरची मान्यता थांबते. मला तो तोंडपाठ होता.

सिस्टरचा वॉर्ड माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. फोन तर हाताशी होता. सिस्टरना एवढंच सांगायचं होतं की असं असं झालंय, तुम्ही आजच पत्र टाका. त्यांनी तिथल्या तिथे टाकलं असतं. मुलींनी परत पेपर दिला असता आणि पासही झाल्या असत्या.

मी फोन केला नाही. का नाही केला, ते स्वच्छ सांगते. मी घाबरले. हे पुढे कधी उघडकीला आलं तर म्हणतील, आपल्या माणसांना सांभाळून घेतलं. बाई इंडियन, सेंटर इंडियन, नर्स हिची मैत्रीण. मी प्रमोशनची वाट बघत होते, आणि तिथवर पोचायला बारा वर्षं लागली होती. मी रिपोर्ट भरला, दोनदा वाचला आणि बटण दाबलं. कुणालाही विचारलं नाही. मग सँडविच संपवलं. ते मेलं सँडविचसुद्धा मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. वर्ग संपायच्या वेळी मी सिस्टरकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्या चहाचे कप विसळत होत्या. नळ बंद केला, पदर नव्हताच म्हणून हात स्वेटरला पुसले.

"तुम्ही तेव्हा ऑफिसात एकट्याच होत्या का?"

"हो."

"मग मले हाक मारायची न, मेधाताई."

बस्स. त्यापुढे त्यांनी मला एक शब्द कधी लावला नाही. मी तेव्हाच धाय मोकलून रडले असते तर बरं झालं असतं. मी "नियम असा आहे सिस्टर" म्हणून लेक्चर दिलं.

चौकशी झाली. गायत्याला व्हिडिओवर विचारलं, तेव्हा तो सरळ म्हणाला, "हाव, मीच म्हटलं. पोरगी रडत होती, तिले सोडून बाकीच्यांनी लिहावं कसं?" भाषांतर मी करत होते. समितीतली माणसं वाईट नव्हती. "वी अप्रिशिएट द कल्चरल कॉन्टेक्स्ट," असं चारदा म्हणाली. त्यांनी एक वाटही काढली. ते वाक्य पहिल्यांदा कुणी सुचवलं तिचं नाव सांगा. ती पास, बाकीच्या दहाजणींना एक वर्ष बंदी, आणि शाळेची मान्यता चालू राहील.

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात जी दुसरीले हाक मारत नाही, तिले आम्ही नापास करतो. तुम्ही जिनं मारली तिले करून राहिले." हे त्यांनी मराठीत माझ्याकडे बघून म्हटलं. मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं.

नाव सांगायचं की नाही, हे सिस्टर ठरवू शकत नव्हत्या. ग्रामसभा बसली. तीन दिवस बसली. मी मनातून देवाला विनवत होते, सांगा रे बाबांनो कुणाचंही नाव, चिन्नीचं सांगा, मान्यता तर राहू दे. चौथ्या दिवशी सिस्टरनी उत्तर आणलं, वहीच्या कागदावर लिहून. "उत्तर एकीचं नव्हतं. नाव नाही."

मान्यता गेली. मला प्रमोशन मिळालं. हे दोन्ही एकाच महिन्यात झालं आणि त्याबद्दल मी अजितशीसुद्धा कधी बोललेले नाही.

मुलींचं काय व्हायचं ते झालं. चौघी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. रासोचं लग्न झालं. चिन्नीला चंद्रपूरच्या एका दवाखान्यात काम मिळालं, फरशी पुसायचं. तिथे एकदा एका म्हातारीचं सलाईन संपून नळीत रक्त चढायला लागलं. चिन्नीनं हाक मारली तर तिथली नर्स म्हणाली, तू पोछा मार. हे सिस्टरनी सांगितलं, माझ्यावर रोख ठेवून नव्हे, आपलं काळजीनं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच वर्षी सिस्टरनी नोकरी सोडली. पेन्शनला दोनच वर्षं राहिली होती. मी म्हटलं, "अहो, आता शिक्का नाही, शाळा कशी चालणार?" तर म्हणाल्या, "शिक्का गेला. पोरी आहेत न." रविवारी सकाळी कोच स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. वॉर्डातल्या लोकांनी त्यांना निरोपाची भेट म्हणून इंजेक्शन शिकवायचा प्लास्टिकचा हात दिला होता, खांद्यापासून बोटांपर्यंत, गोरापान. तो बॅगेत मावेना. ड्रायव्हर तो सामानात टाकू देईना, त्याला ते अभद्र वाटलं असणार. शेवटी सिस्टर तो मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. मला बरंच काही बोलायचं होतं. माफी मागायची होती, साधी सरळ. पण काच मध्ये होती, आणि त्याआधी काच नव्हती तेव्हा मी पाण्याची बाटली घेतली का, पासपोर्ट वर ठेवला का, असलं काहीबाही विचारत बसले होते. कोच हलला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, तो प्लास्टिकचा हात उचलला आणि मला टाटा केला. मी रडता रडता हसले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

पहिल्या वर्षी मे महिन्यात फोन आला. "झालं आमचं. खा आता." मला इतकं बरं वाटलं की मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी गेले. चिन्नी दवाखाना सोडून परत आली होती, आता ती नव्या मुलींना शिकवत होती, रासो बाळाला घेऊन वर्गात बसत होती, असं बरंच काही सिस्टर सांगत होत्या. शिक्का नव्हताच. पण आसपासच्या गावांत कुणी आजारी पडलं की या पोरींना हाक जात होती. मी म्हटलं, सिस्टर, मी पुन्हा प्रयत्न करते, दुसऱ्या कुठल्या कॉलेजमधून. त्या म्हणाल्या, "करा. पण एकट्या नका करू."

मी केला नाही. उद्या करू, परवा करू, असं म्हणत वर्ष गेलं.

या वर्षी मेमध्ये मी परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेखीला होते. फोन दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचे, हा नियम मुलांना तसा आम्हालाही. साडेबाराला पेपर संपला, मी बाहेर येऊन फोन उचलला तर अकरा मिस्ड कॉल. सगळे भारतातले आणि सगळे वेगवेगळ्या नंबरांवरून. मला हसूच आलं. म्हटलं, झालं यांचं पंडुम, आणि सिस्टरनी सगळ्या पोरींना कामाला लावलेलं दिसतंय. घरी कपाटावर पेटी ठेवलेलीच होती. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये उभी राहून पहिला नंबर लावला. चिन्नीनं उचलला.

"काय गं, झालं का तुमचं?"



"सिस्टर गेल्या जी. दुपारी. तीन दिवस ताप होता."

मी काय बोलले ते आठवत नाही. मला दाखव, व्हिडिओवर दाखव, एकदा चेहरा दाखव, असं काहीतरी म्हणत असणार, कारण ती म्हणाली, "मातीत ठेवलं जी. आत्ता मघाशी. लय थांबलो. एकीनं फोन केला, तुम्ही उचलला नाही, मग दुसरीनं केला, मग सगळ्याईनं केला. गायता म्हणे, पहिली हाक जिले गेली, तिचं बोलणं आल्याबिगर कसं उचलावं? पण ऊन उतरलं मग. तुमच्या वाटणीचा दगड आम्ही ठेवला."

त्यांच्याकडे गेलेल्या माणसासाठी एकेका आप्तानं दगड आणून ठेवायचा असतो. हे सिस्टरनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

"पहिली हाक मला का गं?" मी विचारलं. "मी कोण तुमची?"

"सिस्टरनंच सांगून ठेवलं होतं जी," चिन्नी म्हणाली. "म्हणे, आपण सगळे इथं एका जागी आहोत. ती बाई तिकडं एकटी असते. आधी तिले हाक द्या."